काट्यावरचा कचरा: सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका घराच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

आजपासून घरचा कचरा तोलायचा. घंटागाडीत जायच्या आधी प्रत्येक पिशवी हुकाला लटकवायची आणि आकडा या वहीत टिपायचा. काटा प्रवासाच्या बॅगा तोलायचा आहे, ह्यांनी हौसेनं आणलेला आणि कधीही न वापरलेला. वही शिवणाच्या मापांची, मागच्या पानापासून सुरू केली आहे. मध्येच कुणाचा खांदा-छाती-मुंढा दिसला तर गोंधळायचं नाही.

घरात चौघं: मी, हे, आई (म्हणजे सासूबाई) आणि यंदा दहावीत गेलेला मुलगा. माझं शिवणयंत्र पाचवं धरायला हवं, कचरा तेही करतं.

चार पिशव्या ठेवल्या. ओला, सुका, चिंध्या आणि 'उरलेलं'. उरलेल्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, जखमेच्या पट्ट्या, केस, केर. संपलेले सेल, ट्यूब, मुदत गेलेली औषधं बाल्कनीतल्या पत्र्याच्या डब्यात, ती यात मोजायची नाहीत.

मुलगा म्हणाला, "मोजून काय कमी होणार आहे काय?" मी म्हटलं, माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही.

११ मे, रविवार

पहिला आठवडा. ओला ११.२ किलो, सुका २.३, चिंध्या १.९, उरलेलं ०.८. एकूण १६.२.

ओल्याचा आकडा ऐकून हे म्हणाले काटा बिघडलाय. काटा ठीक आहे, आंबे चालू आहेत. कोयी, साली, त्यावर दोन कलिंगडांची सालं. तीन भागांतले दोन भाग नुसतं हेच, आणि त्यातही बहुतेक पाणी. म्हणजे रोज सकाळी आपण डिझेल जाळून समडोळी रस्त्याच्या डेपोवर पाणी पाठवतो. तेच पाणी बरोबरच्या कागदाला, पुठ्ठ्याला लागतं आणि विकला गेला असता तो मालही बाद होतो.

१४ मे, बुधवार

सुका कचरा घेऊन शंभरफुटी रस्त्याजवळच्या भंगारवाल्या चाचांकडे गेले. मला वाटलं होतं, दोन किलो तीनशे ग्रॅम सगळं विकलं जाईल. चाचांनी पिशवी पोत्यावर पालथी केली आणि दोन मिनिटांत ढीग लावले. बघायचेही नाहीत. हाताला लागलं की समजायचं त्यांना.

पुठ्ठा एकीकडे. वर्तमानपत्राची रद्दी दुसरीकडे. आईंची जुनी जर्मनची किटली होती, ती त्यांनी टिचकी मारून उचलली. (अ‍ॅल्युमिनियमला 'जर्मन' का म्हणतात ते विचारायचं राहिलं. पण मातीतून नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या जेमतेम ५ टक्क्यांत जुनं वितळतं. किटलीला मान होता तो उगाच नाही.) पाण्याच्या बाटल्या, शांपूच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या यांचे तीन वेगळे ढीग.

मग बाजूला सारलेलं बघितलं, तर निम्म्याच्या वर माल तिथंच. वेफर्स-बिस्किटांची, आतून चांदी असलेली पाकिटं. भडंगाचं पाकीट, आता सांगलीच्या घरात ते असणारच. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या. पिझ्झाचा तेलकट पुठ्ठा. आणि दुधाच्या पिशव्यांपैकीही आठ-दहा.

"ह्या का नाही घेत? दुधाच्याच आहेत की."

"ताई, वास घ्या."

घेतला. नको होता घ्यायला. आत दूध राहिलेलं, आंबलेलं, एकमेकींना चिकटलेल्या.

"धुऊन, वाळवून आणा, घेतो. आणि हे कोपरं कुठं गेलं?" पिशवीचा कापलेला कोपरा म्हणायचं होतं त्यांना. तो नखाएवढा तुकडा आपण ओट्यावर टाकतो, तो मोरीत जातो नाहीतर भाजीच्या देठांत. तो कुणी वेचत नाही. "पुरता कापायचा न्हाई. चीर द्यायची, लटकत ठेवायचा."

आमच्याकडे रोज तीन पिशव्या. महिन्याला नव्वद कोपरे आजवर कुठं गेले, देव जाणे.

एकूण मिळाले ४१ रुपये, त्यात किटलीच जास्त. जाताना रिक्षाला ३० गेले होते. पुढच्या वेळी महिन्याचं साठवून स्कूटीवर.

१७ मे, शनिवार

मुलानं आपण होऊन प्रयोग केला, म्हणून ही नोंद त्याची. बाटली, तिचं झाकण, दुधाची पिशवी आणि आईसक्रीमचा डबा, प्रत्येकाचे नखाएवढे तुकडे करून बादलीत टाकले. बाटलीचा तुकडा तळाला गेला. झाकण, पिशवी, डबा तरंगत राहिले. बुडबुडे चिकटून फसवतात म्हणून त्यानं साबणाचे दोन थेंब टाकले, हे त्याचं डोकं. बाटलीचं प्लास्टिक (तळाशी त्रिकोणात १ असतो ते) पाण्यापेक्षा जड. पिशवीचं ४, डब्याचं ५, ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. प्लास्टिकच्या कारखान्यांतही भुगा करून पाण्याच्या हौदात असंच वेगळं करतात. म्हणून झाकण बाटलीवर घट्ट लावलेलं असलं तरी पुढे ते सुटतं. चाचा मात्र झाकण वेगळंच मागतात.

मी त्याला माझी चाचणी दाखवली. कापडाचा एक धागा काडीनं पेटवायचा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि बोटांत चुरगळणारी राख. पॉलिस्टर आकसतं, वितळतं, थंड झालं की कडक मणी. मग घरातल्या 'कापडी' पिशव्या काढल्या, लग्नात, दुकानांत मिळालेल्या रंगीत. अकरापैकी नऊ वितळल्या. दिसायला कापड, जातीनं आईसक्रीमच्या डब्याची बहीण.

मार्च २०१८ मध्ये राज्यात पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मी चाळीसेक सुती पिशव्या शिवून ओळखीत वाटल्या होत्या. त्यातल्या बहुतेक आता इतर पिशव्या कोंबून ठेवायला वापरतात. माझ्याही घरी.

१८ मे, रविवार

ओल्या कचऱ्याचं खत करायला ड्रम बसवला. साठ लिटरचा, जुना, पार्किंगच्या मागच्या भिंतीला. हातयंत्रानं बाजूंना भोकं पाडली. तळाला नारळाच्या करवंट्या आणि काथ्या, त्यावर वाळका पाला. विरजण म्हणून आंबट ताक, गूळ आणि माळ्याकडचं ओंजळभर जुनं खत.

कोरडा माल हवा, तो कुठून आणायचा हा मोठा प्रश्न. आधी रसवंतीवरची चिपाडं आणली, फुकट मिळाली. दुपारपर्यंत पार्किंगमध्ये मुंगळ्यांची वारी. चिपाडं रद्द. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, एक पोतं. प्लायवुडचा नको, साध्या लाकडाचाच द्या, असं सांगून.

आई गॅलरीतून बघत होत्या. "आमच्या वाळव्याला त्याला उकिरडा म्हणायचे. भोकं पाडायला पैसे नव्हते लागत."

२६ मे, सोमवार

यंदा पावसानं मे महिनाही सोडला नाही. आठवडाभर पडतोय. ड्रमचं झाकण नीट बसत नाही, वर पत्रा टाकून दगड ठेवला.

३ जून, मंगळवार

वरच्या काकू जिन्यात भेटल्या. "वहिनी, राग मानू नका, पण वास येतोय हो." राग कसला, मलाच दोन दिवस येत होता, मी गटाराचा समजत होते. स्वतःचा असला की माणूस गटाराचाच समजतो.

उघडलं. वरच्या वीतभर थराखाली काळा, चकचकीत लगदा. पत्र्यावरून पाणी आत जात होतं, वरून आमरसाचं चोथापाणी, त्यात परवा मी उरलेली आमटी ओतली होती. तो हात मोडायला पाहिजे. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही. हवेविना जगणारे जंतू कामाला लागले. (नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तर कारण वेगळं: ओलं फार, कोरडं कमी.)

ताडपत्रीवर सगळा ड्रम पालथा केला. ह्यांनी नाकाला रुमाल बांधून फावडं धरलं, न बोलता. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. अर्धं पोतं भुसा कालवला. ड्रमच्या तळाला आणखी चार भोकं, खाली चार विटा, पाणी गळायला जागा. पत्रा उताराला. आणि नियम: एक वाटी ओलं, तर एक ते दीड वाटी कोरडं, रोज, न चुकता. मूठभर घेऊन आवळलं तर बोटांत ओल लागावी, थेंब पडू नये. आईंचं म्हणणं, भाकरीच्या पिठासारखं. पटलं. पाणी एकदा जास्त झालं की पीठही हाताबाहेर जातं.

७ जून, शनिवार

वास गेला. सकाळी झाकण काढलं तर वाफ. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटं ठेवली, बाहेर काढून धरवेना. आत ५५ अंशांच्या आसपास किंवा वर गेलं की बिया आणि रोगाचे जंतू मरतात. माझ्याकडे तापमापी नाही, सळई आहे.

काकूंना बोलावून दाखवलं. त्यांनी हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. संध्याकाळी त्यांच्या घरची सालं पिशवीतून खाली आली.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. फणसाची सालं, आंबे, केळी. फणसाच्या चारखंडाला (काटेरी सालीला) खत व्हायला पुढचा जन्म लागेल, विळीवर बारीक करून टाकलं. ड्रम एक भरत आला, दुसरा आणला.

२२ जून, रविवार

आईंनी झाकण उघडलं आणि हातातलं सोडून पळाल्या. अळ्या. जाड, मळकट, चपट्या, शेकड्यांनी. मीही दचकले. शोधलं तर कळलं की ही 'काळी सैनिक माशी', घरमाशी नव्हे. मोठी झाल्यावर ती आपल्या ताटावर बसायला येत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा अक्षरशः फस्त करतात. पण त्या आल्या म्हणजे ओलं जास्त झालंय. भुसा वाढवला, कमी झाल्या.

आईंना हे सगळं सांगितलं. "असू दे की. पण झाकण आता तूच उघडायचं."

१३ जुलै, रविवार

चिंध्या. हा विषय टाळत होते, कारण इथं बोट माझ्याकडे आहे.

आठवड्याला सरासरी पावणेदोन किलो. ब्लाउज बेतताना मुंढ्याच्या गोलाईतून आणि बाह्यांच्या मधून जे निघतं तेच जास्त. सुती चिंध्या वेगळ्या केल्या तर गॅरेजवाला हात पुसायला नेतो, पोतंभर मागतो. मिश्र धाग्याच्या कुणालाच नकोत. त्यांनी हात नीट पुसले जात नाहीत, त्या जाळता येत नाहीत, ड्रममध्ये कुजत नाहीत.

म्हणून दोन गोष्टी बदलल्या. एक, एकाच कापडावर दोन गिऱ्हाइकांची अस्तरं एकत्र बेतायची. अस्तर मीच आणते, त्यामुळे ते जमतं. बाह्या उलट-सुलट घातल्या की दोन ब्लाउजमागे टीचभर कापड वाचतं. पंचवीस वर्षं कात्री धरतेय आणि हे आज सुचलं, तेही वजन लिहावं लागतं म्हणून. दुसरी गोष्ट, वीतभरापेक्षा मोठा सुती तुकडा टाकायचा नाही. त्यांच्या किराण्याच्या थैल्या.

आजवर तेरा झाल्या. तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, रवा, साखर. दुकानदार पहिल्यांदा कुरकुरला. पिशवीचं वजन धरायचं किती? रास्त होतं त्याचं. मग प्रत्येक थैली सोनाराकडच्या काट्यावर तोलून आणली आणि तोंडाच्या पट्टीवर लाल दोऱ्यानं आकडा भरला: २८ ग्रॅम, ३४ ग्रॅम, ४१ ग्रॅम. आता दुकानदार थैली घेतो, आकडा वाचतो, तेवढा वजा करतो. काल त्यानं दुसऱ्या बाईंना माझी थैली दाखवून "असलं काहीतरी आणत जावा" म्हणून सांगितलं. तेराची ऑर्डर आली. पैसे घेऊन शिवणार आहे. फुकट दिलेल्याचं काय होतं ते २०१८ ला बघितलंय.

हळदही पाकिटाची बंद. हळकुंडं आणून गिरणीतून दळून आणायची. हळदीच्या पेठेत राहून पाकीट फोडायचं म्हणजे विहिरीच्या काठावर बाटलीचं पाणी. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, ना पोतं ना पाकीट. ती पेवं २००५ च्या पुरात गेली बहुतेक. आईंनी बघितलेली आहेत. उघडल्यावर आधी कंदील सोडून बघायचे म्हणे, हवा आहे का आत. मला माझा ड्रम आठवला.

१० ऑगस्ट, रविवार

ड्रम एक रिकामा केला. एकूण ओला ५३ किलो गेला होता, भुसा ९. वाळूच्या चाळणीतून चाळल्यावर खत १४ किलो. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीचा वास. चाळणीवर राहिलं ते: आंब्याच्या कोयी (एकीला हातभर कोंब), करवंटीचे तुकडे, लिंबाच्या बिया, एक चमचा जो मे महिन्यापासून मी मोलकरणीला विचारत होते, आणि दुधाच्या पिशवीचे अकरा कोपरे. जसेच्या तसे, छपाईसकट.

चमच्याबद्दल तिची माफी मागितली. ती हसली नाही. बरोबर आहे.

आई म्हणाल्या, "बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव पालटतं म्हणायचे. तुझं बारा आठवड्यांत पालटलं."

कोपरे धुऊन एका बरणीत ठेवलेत, ओट्यावर, दिसतील असे.

२० ऑगस्ट, बुधवार

कोयनेतून विसर्ग वाढलाय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे सगळ्यांचं लक्ष. पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे सांगलीतल्या पोरांनाही पाढ्यासारखे पाठ. आज कचरा तोलला नाही. गावभागातल्या नणंदेचं सामान वर चढवायला गेलो होतो.

२०१९ ला आम्हीही तिथंच होतो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर घरी आलो तर प्रत्येक दारासमोर एकेक ढीग: गाद्या, कपाटं, पोरांची पुस्तकं, धान्याची पोती. माझ्या ढिगात गिऱ्हाइकांची बावीस ब्लाउजं आणि दोन पैठण्या होत्या. ढीग उचलायला गाड्या यायच्या, सगळं एकातच कालवलेलं. त्यात तुटलेलं जवळपास काहीच नव्हतं. नुसतं भिजलेलं होतं.

आज नणंदेकडे सगळ्यात आधी काय वर ठेवलं, तर रद्दी. ती हसत होती. म्हटलं, वाळलेली आहे तोवर तिला किंमत आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपतीचं विसर्जन. मूर्ती शाडूची, बादलीत विरघळली. गाळ कुंडीत घालू नये, चिकणमाती ती, मुळांना हवा लागू देत नाही. वाळवून मूर्तिकाराकडे परत.

निर्माल्य सहा किलो. दूर्वा, आघाडा, झेंडू थेट ड्रममध्ये. पण हारातला दोरा आता सुती नसतो. एक धागा पेटवून बघितला, मणी झाला. तासभर बसून फुलं ओढून काढली. सोसायटीतल्या आणखी चार घरांचं निर्माल्य आलं, दोऱ्यासकट. पुढच्या वर्षी दोरा मी देणार.

२१ सप्टेंबर, रविवार

महिन्याचं भंगार. सगळं धुतलेलं, वाळलेलं. चाचांनी पिशवी पालथी केली आणि ढीग लावायला हात घातला, मग थांबले. दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा उचलून हुंगला. कोपरे लटकत होते.

"शिकलासा की, ताई."

१३८ रुपये. चांदीवाली पाकिटं मात्र परत माझ्याच हातात. त्यांचं अजून काही करता आलेलं नाही. मुलाचा डबा, ह्यांचं रात्रीचं चिवडा-भडंग. चुरमुरे-लसूण आणून घरी भडंग करायला घेतलंय, हे म्हणतात दुकानासारखं होत नाही. होत नाहीच.

५ ऑक्टोबर, रविवार

या आठवड्याचं: ओला ७.१ (ड्रममध्ये), सुका १.४ (साठवणीत), चिंध्या ०.९, त्यातल्या सुती ०.६ गॅरेजला. उरलेलं ०.७, मिश्र चिंध्या ०.३, चांदीची पाकिटं ०.१. गाडीत गेलं ते १.१ किलो.

'उरलेलं' मे महिन्यापासून हललेलं नाही, ०.८ चं ०.७. ते कमी कसं करायचं मला कळत नाही, आणि काही तर कमी करायचंही नाही.

आईंनी माझ्या मिश्र चिंध्यांकडे बघून स्वतःची जुनी नऊवारी मागितली. म्हणाल्या, दोन लुगड्यांच्या मध्ये चिंध्या पसरून वाकळ होते, पूर्वी काय कापूस भरायचे होय. धावदोरा घालायला बसल्यात. डोळ्यांना दिसत नाही, सुई मी ओवून देते, एका वेळी दहा.

उद्या: वखारीतून भुसा. दुसरा ड्रम विटांवरून थोडा कललाय, पावसाच्या आधी सरळ करायचा.